न झाडलेला नाला

पाला विकूनही पोट भरता येतं, हे शालिकरामला कुंड्यांनी शिकवलं.

त्याआधी तो हिंगण्याच्या एका कारखान्यात खोकी बांधायचा. पाठ धरली तसं कंत्राटदाराने हलकं काम द्यायच्याऐवजी त्याला घरीच बसवलं. मग कुंभाराकडून मातीच्या कुंड्या घ्यायच्या आणि जुन्या लुनावर लादून शहरात विकायच्या, असं त्याने सुरू केलं. कुंड्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून पोत्यात मधेमधे गावाजवळच्या जंगलातला वाळका पाला कोंबलेला असायचा. एकदा शहरातल्या खामल्यात एका फाटकापाशी कुंड्या उतरवून झाल्यावर तो पाला रस्त्याच्या कडेला झटकू लागला, तर घरातल्या बाई पायऱ्या उतरून जवळजवळ पळतच आल्या.

"अहो, अहो, टाकताय काय? मला द्या तो."

"कुंडीत काही खोट निघाली का जी?"

"कुंड्या राहू द्या हो. हा पाला कुठला? जंगलातला ना? पुढच्या वेळी असा पोतंभर आणाल का?"

शालिकरामला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण त्या चारुशीलाताई होत्या आणि पाल्याच्या बाबतीत त्या कधी थट्टा करत नसत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर बाग केली होती. वांगी, मिरच्या, हळद, आलं, एका ड्रममध्ये तर चक्क लिंबाचं झाड. मातीपेक्षा पाला जास्त, हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या ओळखीच्या कितीतरी जणींच्या गच्च्यांवर तसंच चाललेलं होतं आणि त्या सगळ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्या ग्रुपवर ताईंनी शालिकरामचा नंबर टाकला आणि हळूहळू कुंड्या मागे पडल्या. शालिकराम पालेवाला झाला.

या धंद्याचं त्याला आधी हसू यायचं. जे झाडाने टाकून दिलं ते उचलायचं, नेऊन द्यायचं. कोणाचं काही जात नाही. पंचफुला, त्याची बायको, शेजारणीला सांगायची, "आमच्या घरचे कचरा विकतेत वं. अन लोकं वरून चहा पाजतेत."

गावाच्या पाठीमागे झुडपी जंगल होतं. सरकारी कागदावर झुडपी. पण मधून जो नाला जातो त्याच्या दोन्ही अंगांनी साग, ऐन, मोह आणि बांबूची बेटं होती. उन्हाळ्यात साग सगळी पानं टाकून उभा राहायचा आणि ती मोठमोठी पानं घरंगळत नाल्यात येऊन साचायची. कोरडा पाला कुठेही मिळतो. गच्चीवाल्या बायांना हवा असायचा तो दुसरा, पावसाळ्यातला. वरचा थर बाजूला केला की खाली अर्धवट कुजलेला, काळपट, पांढऱ्या तंतूंनी बांधलेला, हातात घेतला की चुरा होणारा. तो फक्त नाल्यात मिळायचा. शालिकराम पहाटे जायचा, दाताळ्याने पाला ओढायचा, मग खराट्याने उरलंसुरलं गोळा करायचा. त्याचा हात स्वच्छ होता. त्याने झाडलेला नाला सडा घालून ठेवलेल्या अंगणासारखा दिसायचा. पोती लुनाला बांधून निघताना तो एकदा मागे वळून बघायचा आणि त्याला बरं वाटायचं.

पावसाळ्यात तिथे एक पाखरू शिट्टी घालायचं. दिसायचं कधीच नाही. उजाडताना आणि दिवस कलताना, बांबूच्या अंधारातून, दोन सुरांची शिट्टी. पहिला सूर वर चढवलेला, दुसरा खाली सोडलेला. वाटेत पुढे गेलेल्या माणसाने मागच्याला हाक मारावी तशी. शालिकरामने त्याला नाव दिलं होतं, शिट्टीवाला. कधी पाठ कमी दुखत असली तर तोही ओठ मुडपून उत्तर द्यायचा. पूर्वी या शिट्टीला उत्तर म्हणून नाल्याच्या वरच्या अंगाने दुसरी यायची, मोहाकडून तिसरी. मग मोहाकडची थांबली. पुढे वरची थांबली. पारावर बसणारे म्हातारे एकेक करून कमी होतात आणि आपण ते नीट मोजत नाही, तसंच ते झालं. आता एकच शिट्टी उरली होती.

त्या वर्षी जुलैत चारुशीलाताईंचा फोन आला. "शालिकराम, आत्ता या."

"पोतं फाटलं का ताई?"

"या तुम्ही."

तो गेला तेव्हा ताई गच्चीवर वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. त्यांचे यजमान मुकुंदराव पत्र्याच्या सावलीत पेपर वाचत होते. समोर आदल्या दिवशी त्याने टाकलेलं पोतं अर्धं रिकामं होतं आणि वर्तमानपत्राच्या पानावर पाल्याचा एक गोळा ठेवलेला होता, नारळाहून मोठा, एका बाजूने चेपलेला.

"हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

शालिकरामने वाकून पाहिलं. "पालाच होय ना ताई. गोळा झाला पाण्यानं."

"हात घाला आत. हळू."

गोळ्याला बाजूने भोक होतं. त्याने दोन बोटं घातली. आत बारीक मुळ्यांचं मऊ अस्तर होतं आणि त्यावर काहीतरी गुळगुळीत, थंड. त्याने एक बाहेर काढलं. अंडं. पांढरंशुभ्र, चकचकीत, त्यावर जांभळट ठिपके. आत आणखी होती. एक फुटलेलं होतं आणि त्याचा बलक अस्तराला वाळून चिकटला होता.

"घरटं आहे ते," ताई म्हणाल्या. "जमिनीवरच करतो तो. नवरंग."

त्यांनी मोबाइल पुढे केला. शालिकरामने चष्मा पुसून पाहिलं. हिरवी पाठ, निळा खांदा, पिवळसर छाती, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. शेपटी जवळजवळ नाहीच.

"असं पाखरू आमच्याकडे नाई ताई. एवढं रंगीत राहिलं असतं तं दिसलं नसतं का मले? इतकी वर्षं झाडून राहिलो."

ताईंनी बटण दाबलं. मोबाइलमधून शिट्टी निघाली. पहिला सूर वर, दुसरा खाली.

शालिकराम खाली बसला. पाठ दुखते म्हणून तो कोणाच्या घरी खाली बसत नसे.

"शिट्टीवाला होय हा," तो म्हणाला.

ताई मग बराच वेळ बोलल्या. शाळेत बोलत असतील तशा. दक्षिणेतून इतक्या लांब येतो, पावसाळ्यापुरता. पाल्यात राहतो, पाला उलटून खालचे किडे आणि गांडुळं खातो, पाल्याचंच घर करतो. पाला गेला की त्याचं ताट गेलं आणि घरही गेलं. तरी एक बरं, पहिली अंडी गेली तर पावसाळा असेतो कधीकधी पुन्हा घालतात.

"आता त्या नाल्याला हात लावायचा नाही, शालिकराम. शपथ आहे तुम्हाला."

"नाई लावत."

"आणि दिवाळीआधी मला अजून पाला लागेल. वाफे भरायचेत. पण रस्त्यावरचा कचरा आणू नका हं, त्यात प्लॅस्टिक असतं. जंगलातलाच हवा."

पेपरामागून मुकुंदराव म्हणाले, "म्हणजे जंगल झाडायचं नाही, पण जंगलाचाच हवा."

"तुम्ही तुमचा पेपर वाचा."

 अंडी आत ठेवून शालिकरामने ते घरटं पोत्यात घेतलं आणि निघाला. ती आता उबणार नव्हती हे त्यालाही कळत होतं. पण टाकायचं कुठे, हे कळत नव्हतं.

पंचफुलाने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे काहून आणलं घरी? आता याची पूजा करता का?"

"ठेव वं कोपऱ्यात."

"अन धंद्याचं?"

त्याने हात धुतले आणि भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तो दाताळं न घेता नाल्यात गेला. नाला अंगणासारखा पडला होता. खाली उघडी माती, तिच्यावर खराट्याचे फराटे, मधे झाडांची मुळं बोटांसारखी वर आलेली. एका मुंगळ्यालाही लपायला आडोसा नव्हता. वरच्या टोकाला, बांबूपलीकडे, जिथे त्याची पाठ पोचू देत नव्हती, तेवढाच पाला उरला होता. तो तिथल्या दगडावर टेकला. उजाडलं. काहीच झालं नाही. मग बांबूतून शिट्टी आली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. त्याने उत्तर दिलं नाही. आपण बोललो तर तो उठून जाईल, असं त्याला उगाच वाटलं.

एवढा तुकडा राहिला पाहिजे, असं त्याने ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पण नाल्यावर एकटा शालिकराम थोडाच जात होता? गावातला नत्थू एका नर्सरीला पाला पुरवायचा आणि उरलेल्या तुकड्यावर त्याचा डोळा असणारच होता.

"नत्थू, वरच्या बांबूकडे जाऊ नको गा," शालिकराम त्याला चहाच्या टपरीवर म्हणाला. "घोणस हाय. मोठी. काल पायाखालीच आली होती."

"पाह्यली तू?"

"नाई तं काय. कुकरासारखी फुसफुसली."

नत्थूचा बाप पान लागूनच, साप चावूनच गेला होता. त्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला, आणि ते पाहून शालिकरामला वाईट वाटलं. पण आता बोललेलं परत घेता येत नव्हतं.

राहिला धंदा. गिऱ्हाइकं आठवडाभर फोन करत राहिली आणि तो पावसाचं, पाठीचं, लुनाच्या टायरचं कारण सांगत राहिला. मग एक दिवस शहरातल्या सदर भागातून जाताना एका जुन्या बंगल्याच्या आवारात त्याला ढिगारा दिसला. मोठं आवार, चिंच, आंबा, बदाम, वर्षावृक्ष, आणि मागच्या भिंतीशी वर्षानुवर्षांचा झाडलेला पाला, कमरेइतका उंच. पावसात जाळता येत नाही म्हणून नुसता साचत चाललेला. शालिकराम फाटकातून आत गेला आणि त्याने कडेने मूठ घातली. काळा, भुसभुशीत. नाल्यातला असतो तसाच.

तिथला चौकीदार ओमप्रकाश खुर्चीतून ओरडला, "ओ काका! इधर कहां?"

"हा पाला नेऊ का जी?"

ओमप्रकाशने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पाला? ले जाओ भाऊ, सारा घेऊन जा. साहेब मले रोज म्हणते, ये हटाओ, ये हटाओ. कोई बी हात लावत नाही."

पाला होता, पण त्यात शहरही होतं. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, तुटकी चप्पल, पतंगाचा नायलॉन मांजा, कोणाच्या तरी औषधांची रिकामी पाकिटं. शालिकरामने पोती घरी आणली आणि अंगणात ताडपत्रीवर पसरली. पंचफुला आणि तो, दोघं बसून निवडायला लागले. तांदूळ निवडावे तसे.

"सारी जिंदगी बायको तांदूळ निवडते," पंचफुला म्हणाली. "माझ्या नशिबी कचरा निवडणं आलं. एका पाखरापायी."

"तू पाह्यलं नाई ना त्याले."

"तुमी तरी पाह्यलं का?"

त्याला हसू आलं, पण हसताना पाठीत कळ आली.

सदरचा पाला सदरचा म्हणून विकला तर कोणी घेणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पोतं भरल्यावर वर दोन ओंजळी सागाची पानं टाकायचा. हिंगणा रोडच्या कडेला सागाची झाडं होती, तिथून उचलून आणलेली. संत्र्याचे व्यापारी टोपलीत वरच्या थराला चांगली फळं लावतात, तसंच. फक्त त्याच्या टोपलीत खालचा मालही वाईट नव्हता. नुसता पत्ता खोटा होता.

आणि बायकांना तो आवडला. एकीने फोन करून सांगितलं, या वेळचा पाला फार छान आहे. प्रतापनगरच्या एका बाईंनी तर मूठभर पाला नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जंगलाचा वास तो जंगलाचाच वास हो." शालिकराम फाटकाकडे बघत राहिला. चारुशीलाताईंनी विचारलं, "नाल्यातला नाही ना?" तो म्हणाला, "नाई ताई, दुसरीकडचा." हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच जास्त टोचलं.

काम दुप्पट झालं होतं. आधी नाल्यातून उचललं की थेट शहर. आता गावाहून सदर, सदरहून गाव, निवडणं, भरणं, पुन्हा शहर. पाठ रोज बोलायला लागली. संध्याकाळी तो पालथा पडायचा आणि पंचफुला मोहाचं तेल चोळायची. तरी पहाटे तो नाल्यावर जायचाच. आत जायचा नाही, रस्त्यावरच लुना उभी करून ऐकायचा. शिट्टी आली की निघायचा.

ऑगस्टात एका सकाळी सदरच्या ढिगाऱ्याशी पोतं भरत असताना मागून आवाज आला, "घोणस अठी राह्यते का शालिकभाऊ?"

नत्थू होता. कमरेवर हात ठेवून, दात दाखवत.

"तू अठी कसा?"

"तू जंगलात जात नाई, अन पोते भरून विकते. मी म्हटलं, शालिकभाऊले सोन्याचा नाला सापडला. तं आज तुह्या मागंमागं आलो. अन हे काय, तं साहेबाचा कचरा!" तो इतका हसला की ओमप्रकाशही खुर्चीतून उठून आला. "अन त्या बाया म्हणतेत, जंगलातला. वा रे वा."

"कोणाले सांगू नको गा नत्थू."

"काहून नाई सांगू?"

शालिकरामने मग खरं काय ते सांगितलं. शिट्टीवाला, घरटं, अंडी. सांगताना ते त्यालाच पोरकट वाटत गेलं. नत्थू ऐकत ऐकत ढिगाऱ्याभोवती फिरला. मूठभर पाला उचलून त्याने चुरला.

"म्हणजे घोणस नाई तिकडं?"

"नाई."

"माह्या बापाच्या मरणावर खोटं बोलला तू." तो एवढंच म्हणाला. मग जरा वेळाने, "अठी दाताळं बी नाई लागत. फावड्यानंच भरता येते. अन नर्सरीवाल्याले काय समजते, कोठचा होय तं." तो ओमप्रकाशकडे वळला. "भाऊ, आपून बी नेऊ का?"

"मेरे बाप का है क्या? ले जाओ."

दुसऱ्या दिवसापासून नत्थूही सदरला येऊ लागला. नाल्यात वाकून वाकून झाडण्यापेक्षा त्याला हे सोपं होतं. नाला वाचला, तो पाखरासाठी नाही, फावड्यासाठी. शालिकरामने ते तसंच घेतलं. पण ढिगारा आता दुप्पट वेगाने उतरायला लागला आणि दिवाळीनंतर काय, हा प्रश्न रोज थोडा थोडा मोठा होत गेला.

आणि त्याच सुमारास शिट्टी थांबली.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, पाऊस आहे म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी ऊन होतं. तो रस्त्यावर ऊन चढेपर्यंत थांबला. गाई गेल्या, कंपनीची बस गेली. बांबू गप्प. आत जाऊन पाहावं की नाही? आत गेला तर पाय कुठे पडेल सांगता येत नाही. नाही गेला तर कळणार नाही. तो तसाच निघून आला. पंचफुलाला ताप होता, म्हणून त्या दिवशी त्याने एकट्यानेच पाला निवडला. त्याचे डोळे आता तेवढे चालत नव्हते, आणि मनही नव्हतं.

चार-आठ दिवसांनी चारुशीलाताईंचा फोन आला. "शालिकराम, आत्ता या." अगदी तोच आवाज.

गच्चीवर तेच वर्तमानपत्र, तोच मोडा. कागदावर एक मळकं, पांढऱ्या पिसांचं, बुडाशी गोल काहीतरी ठेवलेलं होतं.

"हे कोणत्या पाखराचं घरटं म्हणायचं, शालिकराम?"

त्याने वाकून पाहिलं. बॅडमिंटनचं शटल होतं.

"जंगलात हल्ली वाघ बॅडमिंटन खेळतात वाटतं," पेपरामागून मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" ताईंचा आवाज चिरका झाला. "शालिकराम, मी ग्रुपवर लिहिलंय. माझ्या नावाने सगळ्या घेतात. हा जंगलातला पाला आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलंय त्यांना. कुठून आणता?"

"सदरहून."

"सदर?"

"बंगला आहे एक. मागं ढीग आहे."

ताईंचं तोंड लाल झालं होतं. शालिकराम उभाच होता. आता ताई ग्रुपवर लिहितील, आणि उद्यापासून फोन यायचा नाही. मग पुन्हा नाला, दुसरं काय. पोटाला काही कळत नाही. हे सगळं त्याला एकदम दिसलं आणि तो इतका दमला होता की त्याला त्याचं फारसं काही वाटलंही नाही.

"तुमीच म्हटलं होतं ताई, नाल्याले हात लावू नको. अन तुमीच म्हटलं, जंगलातलाच पायजे. मले दोन्ही जमेना. म्हणून पत्ता बदलला."

मुकुंदरावांनी पेपर घडी करून खाली ठेवला.

ताई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत हळदीच्या वाफ्यापाशी गेल्या. हळद त्यांच्या खांद्याला लागली होती, पानं रुंद, गर्द. त्यांनी वाफ्यातला पाला बोटाने बाजूला केला. खाली गांडुळं वळवळत होती. 

"मूर्ख बनवलंत तुम्ही मला," त्या मागे न बघता म्हणाल्या.

"होय जी."

"आहे का तो अजून?"

"आवाज बंद झाला ताई. लय दिवस झाले."

"आत जाऊन पाहिलंत?"

"नाई."

"का?"

शालिकरामने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ताई वळल्या. "पिल्लं झाली की ओरडत नाहीत म्हणे फारसे. किंवा..." त्या थांबल्या. "जाऊन बघा. मला कळवा. माझे गुडघे असते तर मीच आले असते."

त्याच संध्याकाळी तो गेला. लुनाला खराटा बांधलेलाच होता, सवयीने. तो काढून त्याने हातात घेतला, काठीसारखा, आणि नाल्यात उतरला. खालच्या अंगाला, जिथे त्याने जुलैत झाडून अंगण केलं होतं, तिथे अजूनही माती उघडी होती. पावसाने तिच्यात ओघळ पाडले होते. पुढे बांबू लागले आणि पाय मऊ पडू लागला. तो थांबला. एक पाऊल टाकायचं, बघायचं, मग दुसरं, असं करत दगडापर्यंत गेला. खराटा दगडावर आडवा टाकून त्यावरच बसला.

उजेड पिवळा होत चालला होता. डास चावत होते. पाठ तिच्या वेळेवर दुखायला लागली. काही नव्हतं. त्याने मनाशी म्हटलं, गेलं असेल. उत्तर येत नसताना पाखरू किती दिवस हाका मारील.

मग बांबूच्या बुडाशी सागाचं एक पान उठलं आणि पालथं पडलं.

वारा नव्हता. पान पडलं तिथेच थोडं पुढे दुसरं उठलं. कोणीतरी खालून फेकावं तसं. शालिकराम श्वास धरून बघत राहिला. डोळ्यांना काही दिसेना, पाल्याचा रंग आणि अंधार एक होत होता. तपकिरी सावलीसारखं काहीतरी टुणकन हललं आणि थांबलं. आणि तेवढ्यात पलीकडे, नाल्यातल्या बारक्या ओहोळाच्या दुसऱ्या काठाला, आणखी एक पान उलटलं. इकडचं उठलं, तिकडचं उठलं. दोन्ही एकाच वेळी.

तो पुढे सरकला नाही. हिरवी पाठ, निळा खांदा, काही दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत पानं उलटत होती, आणि मग थांबली.

रस्त्यावर येऊन त्याने फोन लावला.

"दिसला?" ताईंनी पहिल्या घंटेलाच उचलला.

"दिसला नाई. पण पानं उडून राहिले होते ताई. दोन जागी."

पलीकडे ताई कोणाला तरी, बहुतेक मुकुंदरावांना, म्हणाल्या, "दोन जागी म्हणे." आणि फोनमध्ये, "बरं. मी आत्ता ग्रुपवर लिहिते. पाला सदरचा आहे. ज्यांना जंगलाचाच हवा असेल त्यांनी स्वतः जाऊन झाडावा."

"गिऱ्हाईक जाईन ताई."

"काही जातील. प्रतापनगरची तर नक्की जाईल. आणि ते शटल मी ठेवून घेतलंय."

तो घरी आला तेव्हा पंचफुला अंगणात ताडपत्री झटकत होती. ताप उतरला होता, पण आवाज बसलेला होता. तिने लुनाकडे पाहिलं. पोती घडी घालून बांधलेली तशीच होती.

"नाल्यातून रिकामेच आले?"

"हो."

"काहीच नाई आणलं?"

"नाई. होतं तसं ठिवून आलो." त्याने खराटा भिंतीला टेकवला आणि ओट्यावर हळूच पाठ टेकली. "तेल गरम कर वं. उद्या सदरले लवकर जा लागते. नत्थू सारा ढीग संपवून टाकीन."